मंगळवारचं मैदान

विकास पट्ट्याच्या आराखड्याचं काम चालू होतं तेव्हा मी रोज कोथरूडहून हडपसरला जायचो आणि ऑफिसात पोहोचेपर्यंतच थकलेला असायचो. उपग्रहाच्या चित्रावरून गावांच्या जमिनी ओळखून नकाशात रंग भरायचे, हे माझं काम. एका गावाबाहेर मोकळी जागा दिसली. मी ती पडीक धरली आणि तिथे गोदामं दाखवली.

हरकतींच्या सुनावणीला त्या गावच्या भाजी विकणाऱ्या एक बाई आल्या. नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "साहेब, हितं आमचा बाजार भरतोय. पडीक कुठनं हाय?"

"मावशी, चित्रात तर काहीच दिसत नाही."

"चित्र कवा काढलं?"

मी तारीख पाहिली. मंगळवार होता.

"बाजार शुक्रवारचा. मंगळवारी तिथं कुत्रं बी नसतं."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझी आई अशाच आठवडी बाजारात कांदे विकत बसायची, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. आणि ते मैदान मलाच ओळखता आलं नाही.

वरिष्ठ म्हणाले, "अहो, आता दर शुक्रवारी नवा आराखडा काढायचा का?"

"चूक माझी आहे, सर. मीच दुरुस्त करतो."

गोदामं दुसरीकडे हलवण्यात तीन आठवडे गेले. शेवटी त्या जागेवर 'आठवडी बाजार' असं लिहिलं. मग उरलेल्या गावांची यादी काढली, पहिल्या ग्रामसेवकाला फोन लावला आणि विचारलं, "तुमच्याकडे बाजार कोणत्या वारी असतो?"