मशीनचं फेकायचं पाणी

तिसऱ्यांदाही तेच. जीनतने मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. जिथे कॅल्शियमचा कणही घातला नव्हता, तिथेही आतड्याच्या पेशींवर जंतू गुळाला मुंगळे चिकटावेत तसे चिकटले होते.

शिरवळच्या त्या प्रयोगशाळेत सहा वर्षं ती हेच करत होती. माणसाच्या आतड्याच्या पेशी वाढवायच्या, त्यांवर पोटातले चांगले जंतू सोडायचे, धुवायचं आणि किती चिकटून राहिले ते बघायचं. कॅल्शियम असलं की जास्त चिकटतात, हे तिचं म्हणणं. पण नसताना कमी चिकटतात हे दिसल्याशिवाय त्या म्हणण्याला विचारतो कोण? प्रयोगशाळेच्या प्रमुख जयराजसरांनी तर बजावलंच होतं, "या खेपेला जमलं नाही तर काम पुण्याच्या प्रयोगशाळेला जाईल. हात स्वच्छ ठेवत जा जरा."

हात! धुऊन धुऊन सालटी निघाली होती.

चिडून तिने पेशींच्या द्रावणाची धुतलेली बाटली उजेडात धरली. तळाला पांढरट कड. गावी कवठे महांकाळला अम्मीच्या पातेल्यात बोअरच्या पाण्याची बसते, अगदी तशी.

"दादासो! बाटल्या शेवटी कशानं विसळता?"

बाटल्या धुणारे दादासो मूळचे दुष्काळी म्हसवडचे, निवृत्तीला आलेले. "पान्यानंच की, ताई. त्या पानी साफ करायच्या मशीनच्या."

"कुठल्या नळीच्या?"

"ती गटारात सोडलीया न्हवं, तिच्या. आवं, एक क्यान चांगलं पानी काढायला तीन क्यान वाया! बघवतंय व्हय? म्या बादली लावली खाली. लय नितळ पानी हाय."

"अहो, पाण्यातला कॅल्शियमसकट सगळा क्षार त्याच नळीतून बाहेर पडतो!"

दादासोंचा चेहरा उतरला. "तुमीच म्हनला हुता, ह्ये पानी टाकू नका म्हनून."

म्हणाली होती. कुंड्यांसाठी. टँकरमागे घागर घेऊन धावलेली पोरगी दुसरं काय म्हणणार?

जयराजसर दारात आले. "सापडली चूक? कुणाची?"

"माझी," ती फणकाऱ्याने म्हणाली. "बाटल्या मी तपासल्या नाहीत. पण सर, त्यांत राहिलेल्या क्षारानेच जंतू चिकटलेत. म्हणजे माझं म्हणणं..."

"ते नीट प्रयोगात दाखवा. एक महिना. मग पुणे."

पेशींचा थर धरायलाच तीन आठवडे जातात. जीनतने सगळ्या बाटल्या बेसिनमध्ये मांडल्या आणि चांगल्या पाण्याने स्वतः विसळायला घेतल्या. मशीन घरघरू लागलं. गटारात धार सुरू झाली. दादासो हात बांधून त्या धारेकडे बघत उभे.

तिलाही ते वाया जाणारं पाणी ऐकवेना.

"लावा बादली!" ती न वळता खेकसली. "पण कुंड्यांनाच घाला!"