लिटोक्वाच्या अंगणातला खड्डा

चूक म्हणाल तर नीरफणसांची. दक्षिणेच्या बेटावरून भाचीनं लिटोक्वाला पोत्यानं नीरफणस आणि सोबत थोडी पानं धाडली, आणि बोट इतकी रेंगाळली की ते वाटेतच पिकून मऊ पडले. पिकलेला नीरफणस टाकून देणारी बाई त्या बेटांवर अजून जन्मायची आहे. लिटोक्वानं ते सोलले, जाळ्यात बांधून रात्रभर खाऱ्या पाण्यात बुडवले, निथळले आणि आई करायची तसंच केलं. स्वतःच्या अंगणात गुडघाभर खड्डा खणला, पानं अंथरली, लगदा भरला, वर पानं झाकून धोंडे ठेवले. असा आंबवलेला ब्विरो दुष्काळातही घर तारतो.

पण अंगण नुकतंच साफ झालेलं. लिटोक्वा पोर असताना अणुबॉम्बच्या चाचणीची राख पडली आणि सगळं गाव बोटीत घालून दुसरीकडं नेलं. परक्याच्या जागेत राहून आईनं जन्मभर भांडणंसुद्धा दबक्या आवाजात केली. तिकडं जागा आईकडून लेकीकडं येते, तशी ही लिटोक्वाकडं आली. आता म्हातारपणी ती सफाईच्या मजुरांना रांधून घालायला परतली होती. वरची विषारी माती खरवडून पांढऱ्या पोवळ्याचा चुरा पसरला होता. जे अंगण तपासणीत उतरेल, तिथं घर उठणार होतं.

बुलडोझर चालवणारा बेटवेल तिचा आतेभाऊ. चार दिवसांनी खड्डा बघून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आगं, मी राबून राबून अंगण तासलं, आन् तू त्यात बीळ पाडलंस? घूस हायस व्हय?"

"मग नीरफणस काय तुझ्या टकलावर आंबवू?"

"बरा आंबला असता. ऊन लई लागतंय."

हसता हसता त्याचा चेहरा उतरला. "पोवळ्याखालची माती उकरलीस तू. कार्लसायबाला सांगाय पायजे."

कार्ल तपासणीवाला. गोरा, उंच, वाकून बोलणारा. भाषा मोडकीतोडकी पण येत होती. त्यानं सरळ सांगितलं. लगद्यात विष निघालं, तर खालची माती अजून खराब. मग ही जागा बाद. बुलडोझर उद्या परत जाणार, पुन्हा खरवडायला यंत्र उरणार नाही.

त्यानं धोंडे बाजूला केले आणि वासानं दोन पावलं मागं सरला. वरचाच लगदा बरणीत भरून शिशाच्या पेटीतल्या यंत्रावर विष मोजायला नेला. परतला तो मान हलवतच.

"विष आहे, लिटोक्वा. जास्त नाही. पण आहे."

ती धोंड्यावर बसली. पायाच्या अंगठ्यानं पोवळं उकरू लागली. मग म्हणाली, "पानं."

"कसली पानं?" बेटवेल म्हणाला.

"भाचीनं धाडलेली पुरली न्हाईत. वरनं झाकाय ह्या झाडाची घातली." तिनं न खरवडलेल्या कडेच्या नीरफणसाकडं हनुवटी उडवली.

बेटवेलनं कपाळ धरलं. "सायेब घसा फोडून सांगत व्हता, हितल्या झाडाचं काय खायचं न्हाई."

"खायचं न्हाई म्हनला. मी पानं कुठं खाल्ली?"

कार्लनं वरचा लगदा पानांसकट काढून टाकला, खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा घेतला, तिथली माती वेगळ्या बरणीत भरली आणि गेला. तोवर लिटोक्वानं भात करपवला. मजुरांनी तो मुकाट गिळला.

दुपार कलली तेव्हा कार्ल आला. या खेपेला मान हलत नव्हती.

"तळाचं स्वच्छ. माती पण स्वच्छ. ही जागा चालेल."

लिटोक्वानं पळीवर गच्च आवळलेली मूठ सोडली. श्वास असा सुटला, की चुलीची राख उडाली. "आन् राहिलेला ब्विरो?"

"खा. पण पानं बोटीवरचीच."

दोघांच्या नाकाचा विचार न करता तिनं लगेच तळाचा गोळा काढला, डब्यातलं नारळाचं दूध ओतून तिंबला, आणि तळाशी अंथरलेल्या बोटीवरच्याच पानात गुंडाळून निखाऱ्यात सारला.

"सुतारांना काय सांगू?" बेटवेलनं विचारलं. "दार कुठल्या अंगाला?"

"दर्याकडं. आन् तो खड्डा बुजवू नगं म्हनावं. चूल त्याच्या शेजारी घालायची."

"वास येईल घरात."

"येऊ दे," लिटोक्वा म्हणाली आणि निखारे वर ओढू लागली.