हवेतली साडी

हे लिहावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मराठी लिहायची सवय शाळेनंतर सुटली. कॉलेजात सगळं गुजरातीत चालतं, मित्रांशी हिंदी, घरी अहिराणी. त्यात ज्यांच्याविषयी लिहायचं ते दिगंबरमामा माझे नात्यातले नव्हते, आणि मला ते आवडतही नव्हते. खरं सांगायचं तर मी त्यांचा राग राग करायचो. आवडत्या माणसाविषयी लिहिणं शोभून दिसतं. नावडत्याविषयी लिहिलं की माणूस पाठीमागे निंदा करतोय असं वाटतं. तरी लिहितो आहे. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते हवेत साडीची घडी घालताना.

सुरतेत नवागाममध्ये एका दवाखान्याच्या मागच्या हॉलात रविवारी सकाळी फिट येणाऱ्या माणसांची बैठक भरते. रेखाबेन नावाच्या नर्स ती चालवतात. तिथे गोळ्या मिळतात, चहा मिळतो, आणि एकमेकांशी बोलता येतं. नव्या माणसानं उभं राहून आपलं नाव, गाव आणि काम सांगायचं, अशी तिथली पद्धत. माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, बमरोलीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते. त्यांना मोठेपणीच फिट येऊ लागल्या. एकटं पाठवायची आईला भीती वाटायची, म्हणून मी सोबत गेलो. आप्पा उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "नाव भास्कर. गाव धुळ्याकडचं. काम साडी घडी."

दाराजवळच्या खुर्चीवरून एक उंच, हडकुळा माणूस उठला. त्यानं दोन्ही हात पसरून न दिसणाऱ्या साडीची टोकं धरली, ती झटकली, मधला भाग हनुवटीखाली दाबला, घडीवर घडी घातली, वरून हात फिरवला आणि ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

"झाली, अजून एक झाली," तो म्हणाला. "रेखाबेन, या हॉलात समदेच साड्या घडी करतेत. मग सुरतेत लूम चालवतंय कोण? भुतं?"

कोणी हसलं नाही. आप्पा खाली बसले, तर हा माणूस चालत आला, त्यानं आप्पांचा हात धरून उलटा केला आणि सगळ्यांना दाखवला. "घडीवाल्याच्या नखात ग्रीस असतंय व्हय?" आप्पांनी हात हिसकावून घेतला. मी उठलो, तसं त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोण? बॉडीगार्ड?"

हे दिगंबरमामा. परभणीकडचे.

पुढे मला कळलं की मामा म्हणत होते ते खरंच होतं. त्या हॉलातले बहुतेक पुरुष लूमवर होते, आणि जवळजवळ सगळे साडी घडी सांगायचे. लूम म्हटलं की डॉक्टर म्हणणार, लूम सोड. शिवाय आमच्या वस्तीत बोललेलं राहत नाही. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तुमच्या खात्यातल्या, म्हणजे लूमच्या कारखान्यातल्या, कोणाचा तरी मेहुणा निघतो. शेठच्या कानावर गेलं की याला फिट येते, की दुसऱ्या दिवशी त्याची मशीनं दुसऱ्याकडे. एक रिक्षावाले काका तर म्हणायचे, मी रिक्षा चालवत नाही, नुसती धुतो. रेखाबेनना सगळं ठाऊक होतं. त्या फक्त म्हणायच्या, "चालो, बेसो भाई." मामा मात्र सोडायचे नाहीत. "धुऊन धुऊन पातळ झाली असंल की तुमची रिक्षा."

स्वतःचं काम विचारलं तर ते मोठ्यानं सांगायचे, "मी चिंधी वेचतो." त्यात कमीपणा नव्हता, पण अभिमानही नव्हता, समोरच्याला टोचावं म्हणूनच ते बोलत. आधी तेही लूमवर होते. पहिली फिट घरी आली तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन शेठला सांगितलं. लहानपणापासून त्याच खात्यात होते. वाटलं, शेठ बसून करायचं काहीतरी काम देईल. शेठनं चहा पाजला, पाठीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी वॉचमननं फाटकातूनच परत पाठवलं. त्यानंतर बमरोलीत त्यांना कोणी घेतलं नाही. बायको मुलीला घेऊन गावी निघून गेली. ही हकिगत त्यांनी बैठकीत एकदाच सांगितली आणि शेवटी म्हणाले, "मी खरं बोललो न् बसलो. तुमी खोटं बोलतेत न् मरतेत. आता कोण शाणा ते तुमीच ठरवा." त्या दिवशी चहा घेताना कोणी त्यांच्याजवळ उभं राहिलं नाही. एरवीही राहत नसे.

मला ते "ए कॉलेज" म्हणून हाक मारायचे.

"ए कॉलेज, कोणतं वरीस?"

"दुसरं, मामा."

"म्हंजी अजून एक हाय. तंवर पुरला पायजे बाप. न्हाय का?"

आप्पा तिथेच होते. त्यांनी मान फिरवली. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. आमचं घर आप्पांच्या लूमवर चालत होतं, माझी फी त्यावर होती, धाकट्या बहिणीची शाळा त्यावर होती. हे त्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर तो नेमका तिथेच बोट घालायचा.

एका रविवारी बैठकीतच सरलाताईंना फिट आली. सरलाताई घरी साड्यांवर खडे चिकटवतात, बोलायला गरीब. त्या खुर्चीवरून खाली गेल्या आणि रेखाबेननी एवढं शिकवूनही कोणीतरी चप्पल काढून त्यांना हुंगवायला धावला. मामांनी त्याच्या हातावर फटका मारला, चप्पल दारातून बाहेर भिरकावली, आणि आपला शर्ट काढून गुंडाळून ताईंच्या डोक्याखाली सरकवला. "मागं सरका. तमाशा हाय का?" असं ओरडत ते बनियनवर तिथे बसून राहिले. ताई शुद्धीवर आल्या आणि लाजेनं रडू लागल्या. मला वाटलं, आता तरी हा माणूस चांगलं बोलेल. मामा म्हणाले, "रडायचं असंल तर घरी रड. हितं चहा थंड व्हायलाय." आणि शर्ट झटकून घालत आपल्या खुर्चीकडे गेले.

मग ते झालं, ज्यामुळे मी हे लिहितो आहे.

आप्पा एकदा मनगटाला पट्टी बांधून बैठकीला आले. विचारल्यावर म्हणाले, "तव्यावर भाजलं." घरी आम्हाला माहीत होतं. चालू मशीनसमोर ते क्षणभर हरवले होते, आणि शेजारच्या कारागिरानं कॉलरला धरून मागे ओढलं म्हणून नुसत्या मनगटावर निभावलं. लूमच्या दोन रांगांमध्ये अंग चोरून चालावं लागतं. तोल गेला तर माणूस मशीनवरच जातो. आईनं पदर तोंडात धरून आप्पांना काम सोडा म्हणून विनवलं होतं. आप्पा म्हणाले होते, "पोऱ्यानं शिक्षण होऊ दे. मंग पाहू." पोऱ्याचं म्हणजे माझं. बैठकीत मामांनी त्या पट्टीकडे बराच वेळ पाहिलं. त्या दिवशी त्यांनी साडीची घडी घातली नाही. मला उगीच बरं वाटलं.

त्याच आठवड्यात आप्पा भरदुपारी घरी आले, हातात डबा न उघडलेला. मामा खात्यात जाऊन, सगळ्या कारागिरांच्या देखत, शेठला सांगून आले होते, की या माणसाला फिट येते, याला मशीनवर ठेवू नका. शेठ आप्पांना म्हणाला, "तबियत सारी थाय त्यारे आवजो." तब्येत बरी झाली की या. याचा अर्थ आप्पांना समजावून सांगायची गरज नव्हती.

मी तसाच मामांच्या खोलीवर गेलो. खोलीत ढिगानं चिंध्या होत्या आणि ते रंगाप्रमाणे त्या वेगळ्या करत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"मारायला आलास? दार लावून घे. बाहीर माणसं बघायलीत."

"मामा, तुम्हाला काय मिळालं?"

"काय मिळायचंय? तुमच्या शेठनं चहा बी इचारला नाय. माझा बरा होता."

"तुमची नोकरी गेली म्हणून आमचीही घालवली?"

"तसं समज."

"घरात खायला काय आणायचं आम्ही? आप्पा सकाळपासून उपाशी बसलेत."

"उपाशी हाय ना?" ते पुन्हा चिंध्यांकडे वळले. "म्हंजी जिता हाय. जा आता. उजेड अडवायलास."

मी दाराला लाथ मारून निघालो. वाटेत कितीतरी उत्तरं सुचली, पण ती सगळी शिव्याच होत्या. त्या माणसानं एकदा जरी म्हटलं असतं, की पोरा, तुझ्या बापाची काळजी वाटली म्हणून गेलो, तर कदाचित मी ऐकून घेतलं असतं. तसं ते कधीच बोलले नाहीत. मनात तसं होतं की आपल्यासारखंच दुसऱ्याचं व्हावं हा जळफळाट होता, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असेल.

पुढच्या रविवारी हॉल गच्च भरला. रिक्षावाले काका उभे राहिले. "आज भास्करभाऊचं काम गेलं. उद्या माझा परवाना जाईल. हा बसणार असेल तर आम्ही येणार नाही."

रेखाबेन म्हणाल्या, "आ बैठक बधा माटे छे, भाई. कोईने कढाय नहीं." बैठक सगळ्यांची आहे, कोणाला काढता येत नाही.

"मग आम्ही जातो," आप्पा म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "हाऊ आठे बसी, का आम्ही बसूत. बोला." हा इथे बसेल, नाहीतर आम्ही.

एकेक हात वर होऊ लागला. सरलाताईंनीही मान खाली घालून हात वर केला. त्यांचा नवरा लूमवर होता आणि त्यालाही फिट येत होती, हे मला नंतर कळलं. मी रुग्ण नव्हतो, त्यामुळे माझ्या हाताला किंमत नव्हती. असती तर सगळ्यांत वर गेला असता.

मामा उठले. चहा संपवला, कप धुऊन जागेवर ठेवला. "घाला घड्या," एवढंच म्हणाले. रेखाबेन त्यांच्या मागे दारापर्यंत गेल्या. गोळ्या दवाखान्यातून घेऊन जा, असं सांगताना मी ऐकलं. ते वळले नाहीत. गोळ्यांना नंतर आले नाहीत, असं रेखाबेन म्हणायच्या. त्यांनी एकदा खोलीवर माणूस पाठवला, तर खोलीत दुसरेच भाडेकरू होते.

आप्पांना ओळखीनं कापड मार्केटमध्ये काम लागलं, खरोखरच्या साडी घडीचं. पगार पुष्कळ कमी. मी सकाळचं कॉलेज करून दुपारनंतर एका मोबाइलच्या दुकानात बसू लागलो. बहिणीची शाळा चालू राहिली, ट्यूशन बंद झाली. आप्पा जेवताना रोज मामांना शिव्या घालायचे. घासागणिक एक. आई म्हणायची, "अन्नवर बशीसन तरी शिव्या नका देऊ." ते थांबायचे नाहीत, आणि मी त्यांच्या सुरात सूर मिसळायचो. आमच्या घरात तेव्हा आम्हा दोघांना जोडणारं तेवढंच उरलं होतं.

एके दिवशी आप्पांच्या मार्केटमधून मला फोन आला. आप्पांना फिट आली होती. मी धावत गेलो. ते साड्यांच्या ढिगावर आडवे पडले होते, गालावर जरीच्या काठाचे वळ उठले होते. शेजारचा पोरगा म्हणाला, "काही नाही झालं, गादीवर पडावं तसे पडले." संध्याकाळी आप्पा जेवले, पण कोणाला शिव्या दिल्या नाहीत. मीही विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी शिव्या पुन्हा सुरू झाल्या, पण पहिल्याइतका जोर नव्हता.

मार्केटला रविवारचंही काम असायचं, म्हणून आप्पांच्या गोळ्या आणायला मी एकटाच बैठकीला जायचो. मागच्या रविवारी गेलो, तर चहा कोणी घेतला नव्हता. सरलाताईंचा दीर सुरतेबाहेर पलसाण्याकडे एका डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या, कारखान्यात आहे. बातमी त्याच्याकडून आली होती. दिगंबरमामा तिथेच कामाला लागले होते, उकळत्या पाण्याच्या टाकीवर. चिंधीत पोट भरत नव्हतं म्हणे, मुलीचं लग्न ठरत होतं. घेताना मुकादमानं विचारलं, काही आजार? मामा म्हणाले, काही नाही. तिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. फिट आली तेव्हा ते टाकीच्या काठावर होते. दवाखान्यात नेलं, पण ते वाचले नाहीत.

रिक्षावाले काका उठून बाहेर गेले. त्या दिवशी एक नवीन माणूस आला होता. त्यानं उभं राहून नाव, गाव सांगितलं, काम सांगायची वेळ आली आणि तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत थांबला.

मी गोळ्या घेऊन घरी आलो. संध्याकाळी आप्पा जेवायला बसले तेव्हा सांगितलं. जसं ऐकलं तसं सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, बरं झालं. मी तेही ऐकायची तयारी ठेवली होती. आईनं ताटात भाकरी वाढली ती त्यांनी मोडली नाही. मग माझ्याकडे पाहून, रागानंच, म्हणाले,

"मंग त्या डाइंगवाला शेठले कोन्ही सांगं नही का?"