सगळ्याला चालणारी टिप

“मालच खराब आलाय, ताई,” असं माझा मुलगा फोनवर म्हणाला आणि माझं डोकं फिरलं.

अंधेरीतल्या आमच्या गाळ्यात आम्ही लेथवर हायड्रॉलिक प्रेसची सीलं बनवतो. रबरासारख्या पॉलीयुरेथेनची कडी, तिच्या काठाला पातळ ओठ. तो ओठ तेल अडवतो. फोनवर मुलुंडची पत्रावळीवाली होती. तिच्या प्रेसचं सील दुसऱ्यांदा गळलं होतं, तेल थेट पत्रावळींवर. नवरात्रातल्या भंडाऱ्यांची कामं तोंडावर, आणि प्रेस बंद. आज सील मिळालं नाही तर ती आमच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नव्हती.

मुलानं नवं सील काढून ठेवलंच होतं. ते मी खिडकीपाशी नेलं. ओठावर लव, मांजराच्या कानावर असते तशी.

“लेथला काय लावलंयस?”

“टिप. सगळ्याला चालते.”

“सगळ्याला म्हणजे?”

“अगं, स्टील कापते ती. हे तर मऊ आहे.”

मऊ आहे म्हणूनच ना रे! स्टील कापायच्या त्या तयार टिपेचं टोक गोल, धार मुद्दाम बोथट केलेली, मार सोसायला. मऊ माल तिच्यापुढे दबतो, ती सरकली की पुन्हा फुगतो. कापला जात नाही, फाटतो. पिकला टोमॅटो बत्त्यानं चिरायचा, आणि वर भाजीवाल्याला शिव्या.

मी तरी काय पोटातून शिकून आले होते? लग्नानंतर इथे बसू लागले तेव्हा टोक जितकं नाजूक तितकं काम सुबक, असा माझा ठाम समज. आयब्रो कोरल्यासारखी टूलं घासायची बया. ती बारीक टूलं कापताना थरथरायची आणि सीलवर लाटा उठायच्या. ह्यांनी एक उचलून विचारलं होतं, “हे टूल आहे की केसातली पिन?” मी दोन दिवस अबोला धरला. पिन ती पिनच.

त्या सकाळी मी ग्राइंडर सुरू केला आणि नवं टूल घासलं. वरचा उतार चांगला तिरका, धारेखालची बाजू मोकळी, मान मात्र जाड.

“आई, तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय.”

“तुझं नाही ना झालं? मग तुला लव कशी दिसली नाही?”

पॉलीयुरेथेनच्या त्याच दांड्यातून सील कापलं. भुसा पडला नाही, लांब सलग फीत निघाली. ओठ गुळगुळीत. तो सील घेऊन मुलुंडला गेला.

दुपारी तो परतला आणि मागोमाग तिचा फोन. गळत नाही म्हणाली.

“हो ना, या वेळी माल चांगला लागला,” हा म्हणाला.

मी फोन त्याच्या हातातून घेतला. “बाई, माल तोच होता. आम्ही टूल चुकीचं लावलं होतं. तेल लागलेल्या पत्रावळी फेकून दे, पुसून पंगतीला देऊ नकोस. किती गेल्या ते याला सांग, भरून देऊ.”

“आई, गिऱ्हाईक आहे ती,” तो दात आवळून म्हणाला.

“म्हणूनच.”

फोन त्याच्या हातात कोंबला. तो बराच वेळ नुसतं “हो ताई, हो” करत राहिला. मी टिपांचा डबा उचलून पलीकडे, स्टीलच्या लेथवर नेऊन आपटला.