यादीत न दिसणारं नाव

अप्पांना हळू बोलता येत नसे. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात वीसेक वर्षं काढलेला माणूस, "चहा घेतेस का?" हेही ते भांडल्यासारखं विचारत. सुरतेत, गोडादऱ्यातल्या एका लहानशा स्टुडिओत मी कॉम्प्युटर सांभाळत असे आणि पाळी संपली की अप्पा तिथे पेटी वाजवायला येत. नव्वदचं दशक सरत आलं होतं.

ऐकू कमी येई म्हणून ते स्पीकरवर तळहात ठेवत. "कान गेले, हात शेत ना!" म्हणत, म्हणजे हात तर आहेत ना. ढोलकी जराशी मागे पडली, तरी माझ्याआधी त्यांना कळे.

त्यांच्या बायकोला, माईंना, हळदीची अहिराणी गाणी गायला सगळी वस्ती बोलावी. एकही गाणं लिहिलेलं नव्हतं, सगळी तोंडपाठ. त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा अप्पा त्यांना स्टुडिओत घेऊन आले. दोन दुपारी माई गायल्या. मागच्या शेडमधले लूम काही थांबले नाहीत. प्रत्येक गाण्याखाली लूमची घरघर उतरली.

ती घरघर काढणारं एक प्लग-इन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, मी ओळखीच्या माणसाकडून सीडीवर आणलं. ते कॉम्प्युटरवर चढलं, पण आमच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचं नाव काही येईना. ऑपरेशन झालं. दवाखान्यातून परतताना अप्पा रोज डोकावत.

"दिसलं का नाव?"

"आज दिसेल, अप्पा."

पाचव्या दिवशी वैतागून मी सॉफ्टवेअर काढून टाकलं, त्याचं फोल्डर मुळापासून पुसलं आणि सगळं नव्याने चढवलं. तरी नाव नाही. मग लक्षात आलं, की प्लग-इनची फाइल भलत्याच ठिकाणी बसली होती. सॉफ्टवेअर फक्त स्वतःच्या प्लग-इनच्या फोल्डरमध्ये बघत होतं. फाइल तिथे टाकली आणि नाव आलं. मी आनंदाने टाळी वाजवली. माईंची गाणी उघडायला गेले, तर गाणी नव्हती. ती मी पुसलेल्या फोल्डरमध्येच होती. दुसरी प्रत मी काढलेलीच नव्हती.

अप्पा आले. मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. कानावर हात धरून ते पुढे वाकले, आणि मला तेच ओरडून सांगावं लागलं, "माईंची गाणी माझ्याकडून पुसली गेली!"

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "तू दुरुस्तच करत होतीस ना. मोडायला थोडीच बसली होतीस?" त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पंधरा दिवस ते फिरकले नाहीत. मग एका रविवारी माईंना घेऊनच आले. माईंच्या गळ्याला पांढरी पट्टी होती. "लाव माइक," अप्पा म्हणाले. जन्मात न गायलेला तो माणूस बायकोची गाणी गाऊ लागला. सूर चुकला की माई हात वर करत, अप्पा थांबत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. शब्द अडला की माई पाटीवर लिहून देत. एका गाण्याला अख्खी दुपार गेली. अशी सात गाणी झाली. प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती मी काढल्या.

पुढच्या महिन्यात दोघं कायमचे गावी निघाले. निरोप घेताना माईंनी माझ्याकडे बघून ओठ हलवले. मला काही कळेना.

"येतो म्हणते," अप्पांनी सांगितलं.

ते परत आले नाहीत.