फुजीहून उंच विमानतळ

घरातून निघताना ते गॅसच्या बटणाकडे बोट दाखवत आणि मोठ्याने म्हणत, "गॅस बंद." मग खिशाकडे बोट. "किल्ली आत." तोक्योत तोझाई रेल्वे लाइनवरचे मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून बोलतात, अगदी तसं.

सायकल लावली की दोन पावलं मागे येत आणि तिच्याकडे एकदा बघत.

पावाच्या लादीचा कडेचा तुकडा स्वतः घेत.

कॉनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, मिळणाऱ्या पारदर्शक छत्रीच्या मुठीवर मराठीत नाव लिहीत. "इथे सगळ्यांच्या छत्र्या सारख्या. देवनागरी कुणी चुकून उचलत नाही."

"चुकून" हा शब्द त्यांनी स्वतःबद्दल वापरलेला मी ऐकला नाही. चहा सांडला तर म्हणत, "कप काठावर ठेवला होता मी."

पेन्सिलने लिहीत. लिहून झालं की टोक करून ठेवत.

लक्ष्मीकांत साखळकर बुधवारी सकाळी गेले. जाळण्यासाठी वेगळा केलेला कचरा खाली ठेवून वर येत होते. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले, ते उठले नाहीत. वय सत्तेचाळीस. पिशवी कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली नीट ठेवलेली होती. मी नंतर जाऊन पाहिली. का पाहिली, सांगता येत नाही.

हिगाशी-कसाईत आम्ही एकाच इमारतीत राहतो. २००६ मध्ये मी नवऱ्याबरोबर इथे आले. मी त्यांना दादा म्हणायचे, त्यांच्या बायकोला सरोजिनीवहिनी. माझं एम.ए. मराठीतलं. तोक्योत त्याचं काय करणार, असं येणारा-जाणारा विचारायचा. दादांनी पहिल्याच रविवारी माझ्यासमोर एक जाड वही ठेवली.

"नुपूर, माझं मराठी इंजिनिअरचं आहे. वाक्य लांब झालं की अर्थ पळतो. जिथे पळाला असेल तिथे खूण कर."

वहीत विमानांचे अपघात होते. सगळे एका देशातले. बोलिव्हिया.

दादांची सॉफ्टवेअर कंपनी छोट्या विमान कंपन्यांसाठी एक प्रोग्रॅम करायची. विमानतळ, तापमान, धावपट्टीची लांबी भरली की उड्डाणाला जास्तीत जास्त किती वजन चालेल ते तो सांगतो. बोलिव्हियातली एक मालवाहू कंपनी तो वापरत होती. २००५ च्या शेवटी ते गिऱ्हाईक दादांकडे आलं, तेव्हा त्यांनी त्या देशातल्या अपघातांचे अहवाल जमवायला सुरुवात केली. अहवाल स्पॅनिशमध्ये. म्हणून ते स्पॅनिश शिकले. ग्योतोकुला डब्यांच्या कारखान्यात काम करणारी एक बाई होती, जपानी आजोबांची पेरूमध्ये जन्मलेली नात. ती शनिवारी शिकवायची. मोबदल्यात वहिनींच्या हातच्या पोळ्या न्यायची.

वहीत प्रत्येक अपघाताला एक आडवी ओळ. गाव, तारीख, विमान. पुढे पाच रकाने, पाचांच्याही डोक्यावर एकच शब्द: "का?" ही पद्धत जपानी कारखान्यांतली. एक कारण सापडलं की थांबायचं नाही, त्या कारणाला पुन्हा "का" विचारायचं. पाच वेळा.

"मराठीत का लिहिता? ऑफिसात तर इंग्लिश आणि जपानी," मी विचारलं होतं.

"जपानीत 'का' विचारताना मी नम्र होतो. इंग्लिशमध्ये हुशार होतो. मराठीत नुसता विचारतो."

त्यांची मुलगी आर्या तेव्हा बारा वर्षांची. ती टीव्हीवरून मान न वळवता म्हणाली, "मो ई यो, बाबा." पुरे, बाबा. दादा हसले.

अपघाताचं कारण म्हणून अहवालात बहुतेक वेळा एकच शब्दप्रयोग यायचा, वैमानिकाची चूक. दादा तो पहिल्या रकान्यात लिहीत, शेवटच्या कधीच नाही. डोंगराला धडकलं. का? ढगात शिरला. का? वळून परत जाण्याइतकं इंधन नव्हतं. का? त्या विमानतळावर आठवडाभर इंधनच आलं नव्हतं. असं.

जानेवारी २००७ मध्ये नवा अहवाल आला. अपघात आदल्या मार्चमधला. डोंगरातल्या खाणीच्या गावी, भर दुपारी, यंत्राचे सुटे भाग घेऊन एक छोटं विमान धावपट्टीवरून उठलं आणि पलीकडच्या दरीत गेलं. वैमानिक गेला. कॅप्टन वाल्दो किस्पे, वय एक्कावन्न. कारण: वैमानिकाची चूक, जादा वजन.

दादांनी बेचाळिसावी ओळ आखली. पहिला का, वजन जास्त. दुसरा का. इथे ते थांबले.

"वजनाचा कागद आमच्या प्रोग्रॅमने दिलेला आहे," ते म्हणाले. "कागदाप्रमाणे वजन बरोबर आहे. मग जास्त कसं?"

दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांनी बेल वाजवली. बूट न काढता दारातच उभे राहिले. वही माझ्या हातात दिली.

"वाच."

तिसऱ्या रकान्यात: विमानतळाची खरी उंची ४,०२० मीटर, प्रोग्रॅमने ३,७७६ धरली. उंचावर हवा विरळ असते, विमान कमी वजन उचलतं. प्रोग्रॅमने जास्त वजनाला परवानगी दिली. चौथ्यात: प्रोग्रॅम ३,७७६ च्या वरचा आकडा घेत नाही. काही न सांगता तोच धरतो.

३,७७६ म्हणजे फुजी पर्वत. प्रोग्रॅम मुळात जपानपुरता लिहिलेला. त्याहून उंच जागा या देशात नाही.

पाचव्या रकान्यात: प्रोग्रॅम उंची चुकीची धरतो अशी तिथल्या कारकुनाने ऑगस्ट २००५ मध्ये तक्रार केली होती. तक्रार बंद केली गेली. बंद करणारा: ल. साखळकर.

खाली त्यांनी स्वतःचं तेव्हाचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं होतं. "या उंचीवर विमानतळ असणे शक्य नाही. आपण फूट आणि मीटर यांत गल्लत करत आहात. वापरणाऱ्याची चूक."

"तेव्हा हे गिऱ्हाईक माझं नव्हतं, मी सगळ्यांच्याच तक्रारी बघायचो. शुक्रवार होता," दादा म्हणाले. "सोमवारच्या मीटिंगआधी तीस तक्रारी बंद करायच्या होत्या. ही सतरावी असेल. मला ती आठवतसुद्धा नाही."

मी वही मिटून त्यांना परत दिली.

"प्रोग्रॅम आज दुपारी दुरुस्त झाला. तिकडे कळवलं. जुने कागद वापरू नका म्हणून फोनही केला. आता उरला किस्पे."

किस्पेबद्दल त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्या गावी हँगरच्या एका भिंतीवर कामावर असताना मरण आलेल्या वैमानिकांची नावं लिहितात. किस्पेचं नाव लिहायला तिथल्या वैमानिकांनीच नकार दिला होता. हलगर्जी माणसाचं नाव या भिंतीवर नको, असं ठरलं. त्याच्या मुलीने, नेलिदाने, वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं की माझे वडील एक किलोही जादा घेत नसत.

पुढच्या रविवारी साखळकरांच्या घरी भांडण झालं. मी तिथेच होते. मला जायला कुणी सांगितलं नाही.

"चौकशीवाल्यांना पत्र कंपनीला लिहू दे ना," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही स्वतःच्या सहीने कशाला?"

"कंपनी लिहील. दोन वर्षांनी. वकिलांनी धुतलेलं."

"व्हिसा कंपनीच्या नावावर आहे तुमचा. आर्याची शाळा आहे. आणि तुमच्याच वहीत, अहो, मी वाचलीय ती, नऊ ठिकाणी लिहिलंय चार हजार मीटरच्या वर. तेव्हा नाही सुचलं आपला प्रोग्रॅम तपासावा? आता सुचतंय?"

दादांनी वही जवळ ओढली.

"म्हणूनच, सरोज. मी नऊ वेळा स्वतःच्या हाताने लिहिलं आणि एकदाही विचारलं नाही. मग 'का' फक्त दुसऱ्यांना विचारत होतो का मी?"

वहिनी आत गेल्या. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात ताटं होती.

"जेवून लिहा," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी तुम्ही सगळा दोष स्वतःलाच चिकटवता."

पत्र आम्ही आधी मराठीत केलं. तीन दिवस. मी एका ठिकाणी "दुर्दैवाने" घातलं. त्यांनी खोडलं.

"वाक्य कोरडं होतंय, दादा."

"होऊ दे. दुर्दैव दुरुस्त करता येत नाही. जे दुरुस्त करता येतं तेवढंच लिहायचं."

शेवटी पत्र एक पान झालं. एकही विशेषण नाही. मी एम.ए.ला दोन वर्षं गद्य शिकले. इतकं चांगलं गद्य मी तोपर्यंत वाचलं नव्हतं.

दादांनी त्याचं स्पॅनिश आणि जपानी केलं, आणि पाठवण्याआधी ते साहेबांना दाखवलं. मोरिता-सान, निवृत्तीला तीन वर्षं उरलेले. लपवून पाठवायचं नव्हतं, एवढंच. पुढे काय झालं ते दादांनी मला थोडक्यात सांगितलं होतं. पूर्ण हकीकत परवा मोरिता-सानकडूनच कळली. ते काळ्या कोटात आले होते. वहिनींपुढे वाकून बराच वेळ तसेच राहिले. मग सावकाश जपानीत बोलले. आर्याने आम्हाला मराठीत सांगितलं. ती नेहमी उलटं करते, मराठीला जपानीत उत्तर देते. त्या दिवशी तिने सबंध मराठी वापरलं.

मोरिता-सानने पत्र दोनदा वाचलं होतं. मग विचारलं, "साखळकर-सान, ३,७७६ ही मर्यादा कुणी घातली, ते यात नाही."

"मला माहीत नाही."

"तपासलं नाहीत?"

"तक्रार मी बंद केली. ती उघडी राहिली असती तर मर्यादा सापडली असती. माझ्यापुरतं तेवढं पुरेसं आहे."

"पुरेसं नाही. यात एक 'का' राहिला आहे."

मोरिता-सानने खण उघडला. इथे सहीऐवजी वापरतात तो आपला शिक्का काढला. पत्राच्या खाली हाताने एक ओळ लिहिली. ही मर्यादा १९९१ मध्ये मी घातली, कारण फुजीहून उंच विमानतळाची मी कल्पना केली नाही. आणि दादांच्या सहीशेजारी शिक्का उमटवला.

"त्यांनी मला विचारलं नसतं," मोरिता-सान म्हणाले. "त्यांना ठाऊक होतं असं मला आजही वाटतं."

ठाऊक होतं. वहीत पाचव्या रकान्याच्या कडेला पेन्सिलने अगदी बारीक "मो." असं लिहून खोडलेलं आहे. खोडरबरने नीट खोडलंय, पण दाब उरलाय. दुसऱ्याचं नाव आपल्या हाताने द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं असावं.

व्हिसा गेला नाही. बढती मात्र दोनदा टळली. दादा त्याबद्दल बोलले नाहीत, वहिनींनीही पुन्हा विषय काढला नाही. सुधारित अहवाल चौदा महिन्यांनी आला. "वैमानिकाची चूक" हे शब्द त्यात नव्हते. २००८ च्या उन्हाळ्यात एक पाकीट आलं. आत फोटो. पत्र्याच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात नावांची रांग. शेवटचं नाव ताजं, रंग किंचित ओघळलेला. वाल्दो किस्पे.

दादांनी तो फोटो फ्रिजवर लावला, कचऱ्याच्या वेळापत्रकाशेजारी. वहिनी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो दाखवायच्या.

"हे नाव आमच्या ह्यांनी लिहून घेतलं," म्हणायच्या.

"मी नाही, रंगाऱ्याने लिहिलं," दादा म्हणायचे.

"गप्प बसा हो."

पाकिटात नेलिदाचं पत्र होतं. तिला विमान अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. तिने एकच मागणी केली होती. तुमच्या पत्रात एका वहीचा उल्लेख आहे. ती मला वाचायला मिळेल का?

वही मराठीत. दादांनी दुसऱ्या दिवशी नवी वही आणली आणि भाषांतर सुरू केलं. मराठीतून स्पॅनिशमध्ये, एकेक ओळ, एकेक का. काही ओळी त्यांना पुन्हा तपासाव्याशा वाटायच्या. एकेका ओळीला दोन-तीन आठवडे जायचे. मी म्हटलं, अंदाजे अर्थ कळवा की. ते म्हणाले, ती हे वाचून विमानं तपासणार आहे.

काल वहिनींनी मला बोलावलं. टेबलावर दोन्ही वह्या उघड्या होत्या, मंगळवारी होत्या तशा. वहिनींनी कशाला हात लावलेला नव्हता.

"तुला कळतं का यातलं काही?" त्यांनी विचारलं.

मराठी वही मला पाठ आहे. स्पॅनिश मला येत नाही.

जुन्या वहीत बेचाळीस ओळी आहेत. नव्या वहीत सत्तावीस पूर्ण आहेत. अठ्ठाविसाव्या ओळीत गाव लिहिलंय, तारीख लिहिलीय, विमानाचा प्रकार लिहिलाय. पहिल्या "का"खाली अर्धं वाक्य आहे. पुढचे चार रकाने आखलेले आहेत. शेजारी पेन्सिल आहे, टोक केलेली.