शकूनं लावून दिलेला कॉम्प्युटर

आमचं शेवटचं एकत्र काम म्हणजे भांडणच. निघोज्यात घरामागच्या शेडमध्ये शकू, म्हणजे माझी बायको, प्रिंटरमधून निघालेल्या कागदावर पट्टी धरून बसली होती आणि मी डोक्यावर उभा राहून घाई करत होतो. "आवं, माप बघू द्या की. का रबराचं वाटोळं करायचंय?" माप बरोबर निघालं. मी कापलं, तिनं कडा तपासल्या, जेवलो. त्याच आठवड्यात ती गेली. झटका आला, दवाखाना गाठेपर्यंत काही राहिलं नव्हतं. दहाव्याला लोक म्हणाले, हिंडती-फिरती गेली, सोनं झालं. कसलं सोनं? ज्याला सोनं वाटतं त्यानं आधी जावं.

आमचं काम गॅस्केटचं, म्हणजे यंत्राच्या दोन भागांमधे गळती थांबवायला बसवतात त्या रबरी चकत्यांचं. कंपनी ड्रॉइंग मेलवर पाठवते. ते खऱ्या मापात छापायचं, कागद रबराच्या शीटवर चिकटवायचा आणि रेघेवरून कापायचं. माझी शाळा चौथीत सुटली. शकू माझ्यापेक्षा दोन यत्ता पुढं, तेवढ्यावर जन्मभर टोमणे मारले तिनं. पन्नाशीत चाकणला क्लास लावला, पोरींच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकली. ड्रॉइंगवर दोनदा क्लिक केलं की ते इंटरनेटच्या खिडकीत उघडायचं, आणि तिथून छापलं की कागदात बसवायला आपोआप जरा बारीक व्हायचं. मग बोल्टाची भोकं जुळायची नाहीत. हे तिनंच हुडकलं, आणि ड्रॉइंग कायम दुसऱ्या प्रोग्रॅममध्येच उघडेल असं लावून ठेवलं. मला म्हणाली, "आता आंधळ्यानं उघडलं तरी चालंल. तुमच्यासाठीच केलंय."

तेराव्यानंतर थोरला पोरगा ताथवड्याहून पुन्हा आला. आयटीत आहे. बापापाशी बसायचं सोडून कॉम्प्युटरपाशी बसला. फार हळू चालतोय म्हणाला, आणि आतलं सगळं काढून कोरा करून ठेवला. मला काय ठाऊक? मी नेहमीसारखं ड्रॉइंग उघडलं, छापलं, कापलं. सगळा माल कंपनीनं परत पाठवला. भोकं जुळत नव्हती.

पोराला बोलावून घेतलं. "आईनं लावलेलं काढायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"आण्णा, दोन मिनिटांचं काम आहे. परत लावून देतो."

दोन मिनिटं म्हणे! तिच्या हातचं तेवढं एक त्या डबड्यात चालू होतं, रोज माझ्या उपयोगी पडत होतं, ते यानं पुसलं आणि वर मला मिनिटं सांगतो. म्हणलं, तू लावलेलं मला नको. तिचा प्रोग्रॅम तेवढा टाक आणि नीघ, पुढचं माझं मी बघतो. त्यानं टाकला आणि न जेवता गेला. मीही थांब म्हणलं नाही... का म्हणू?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खुर्चीवर बसलो. ड्रॉइंग उघडायला गेलो तर मधेच पाटी आली. कशात उघडू म्हणून विचारत होती, एवढं चित्रांवरून कळलं. तिच्या प्रोग्रॅमचं चित्र ओळखून दाबलं. खाली दोन बटणं, इंग्रजीत. झक मारत पोराला फोन लावला, ड्रॉइंगं बघून बघून एबीसीडी तेवढी ओळखतो, एकेक अक्षर वाचून दाखवलं. तो म्हणाला, पहिलं म्हणजे कायम यातच, दुसरं म्हणजे फक्त आत्तापुरतं. "पहिलं दाबा आण्णा. नाहीतर दरवेळी विचारत बसेल."

"विचारू दे," म्हणलं. "या घरात आता दुसरं कोण विचारतंय मला?"

आणि मी दुसरं दाबलं.